‘ईजीआर प्रवाह अपुरा’ : दिवा पेटल्यावर झडप बदलण्यापूर्वी

भाजीपाला व दूध वाहून नेणारी डिझेल पिकअप असो किंवा गावोगावच्या प्रक्षेत्र भेटींसाठी वापरली जाणारी जीप असो, या वाहनांच्या बाबतीत एक तक्रार अलीकडे वरचेवर ऐकू येते. गाडी चांगली ओढते, धूर नाही, ॲव्हरेजही फारसे घटलेले नाही. तरीही फलकावरील इंजिनाचा पिवळा दिवा विझत नाही. गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला की पी०४०१ हा संकेतांक दिसतो. त्याचा अर्थ ‘निष्कास वायूच्या पुनराभिसरणाचा प्रवाह अपुरा’ असा आहे. यानंतर वाहनमालकासमोर बहुधा दोनच पर्याय ठेवले जातात : नवी ईजीआर झडप बसवावी, किंवा वाटेत पत्र्याची चकती घालून हा मार्गच बंद करून टाकावा. पहिला पर्याय खर्चिक असून अनेकदा निष्फळ ठरतो. दुसरा नियमबाह्य आहे, आणि त्याचा शेतीशी असलेला संबंध फारसा कोणाच्या लक्षात येत नाही.

मुळात हा संकेतांक झडप बिघडल्याचे सांगतच नाही. अपेक्षेइतका वायू परत येत नाही, एवढेच तो सांगतो. ठिबक संचातील शेवटच्या ओळीला पाणी पोहोचत नसेल, तर कोणताही जाणता शेतकरी लगेच पंप बदलत नाही. तो फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाब पाहतो, सबमेन उघडतो, लॅटरलचे टोक सोडून पाहतो. ईजीआरच्या निदानातही हीच शिस्त लागते. वायूच्या वाटेवर नेमका कोठे अडथळा आहे, किंवा अडथळा नसतानाही तो असल्याचा भास कोणता संवेदक निर्माण करीत आहे, हे शोधणे हेच खरे निदान होय.

पुनराभिसरण कशासाठी?

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो निष्क्रिय असतो. परंतु ज्वलनाचे तापमान सुमारे १५०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की त्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे वेगाने तयार होऊ लागतात. सिलिंडरमध्ये हे तापमान सहज ओलांडले जाते. ते खाली आणण्यासाठी निष्कास वायूचा काही भाग पुन्हा आत घेतला जातो. या वायूतील कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ जळत नाहीत, मात्र उष्णता शोषून घेतात. शिवाय त्यांनी जागा व्यापल्यामुळे ऑक्सिजनचे प्रमाणही घटते. परिणामी ज्वलन सौम्य होते.

पेट्रोल इंजिनात परत घेतलेल्या वायूचे प्रमाण साधारणपणे ५ ते १५ टक्क्यांच्या घरात असते. डिझेल इंजिनात हलक्या भाराच्या वेळी ते ५० टक्क्यांपर्यंतही जाऊ शकते. आणखी एक फरक निदानाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पेट्रोल इंजिनात आयडलिंगच्या वेळी, इंजिन थंड असताना आणि पूर्ण ॲक्सिलरेटर दाबलेला असताना झडप बंद असते. डिझेल इंजिनात मात्र आयडलिंगला ती बहुधा उघडी असते. भार वाढत जाईल तशी मिटत जाते आणि पूर्ण भाराला बंद होते. एका प्रकारच्या इंजिनावर शिकलेली चाचणी दुसऱ्यावर जशीच्या तशी लागू केल्यास निष्कर्ष चुकतो, तो याच कारणाने.

वायूचा मार्ग थोडक्यात असा : एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून निघालेली नळी, डिझेल वाहनांत त्यानंतर किंवा त्याआधी कूलर, मग झडप, आणि शेवटी इंटेक मॅनिफोल्ड. झडप उघडण्याचे काम जुन्या रचनेत व्हॅक्यूमवर चालणारा पडदा करतो, नव्या रचनेत विद्युत मोटर. हुकूम ईसीयू देते. वायू खरोखर आला की नाही, याची खातरजमाही तीच करते. परंतु ती अप्रत्यक्षपणे.

लक्षणे : अपुरा प्रवाह आणि अडकून उघडी राहिलेली झडप

या दोन दोषांची गल्लत फार होते. झडप काजळीने अडकून उघडीच राहिली, तर भाराच्या वेळीही सिलिंडरमध्ये जळका वायू शिरत राहतो. गाडी चढावर दम तोडते, काळा धूर सोडते, आयडलिंग खडबडीत होते. प्रवाह अपुरा असताना याच्या उलट घडते. डिझेल इंजिनात चालकाला बहुधा काहीच जाणवत नाही. फार तर हलक्या भाराला इंजिनाचा ठोका किंचित कठोर वाटतो. ‘गाडी तर छान चालते, दिवाच खोटा आहे’ हा समज यातूनच रूढ झाला आहे. पेट्रोल इंजिनात मात्र ठिणगीची वेळ ईजीआर गृहीत धरूनच ठरवलेली असते. त्यामुळे प्रवाह घटला की मध्यम वेगात हलका ॲक्सिलरेटर देताना खडखड, म्हणजेच नॉकिंग, ऐकू येते. ती दीर्घकाळ दुर्लक्षित राहिल्यास पिस्टनला इजा पोहोचू शकते.

काही पेट्रोल इंजिनांत प्रत्येक सिलिंडरसाठी ईजीआरचे स्वतंत्र बारीक छिद्र असते. त्यांपैकी दोन-तीन बुजली, तर सगळा वायू उरलेल्या छिद्रातून एकाच सिलिंडरमध्ये जातो आणि तेवढाच सिलिंडर मिसफायर देऊ लागतो. अशा वेळी प्लग व कॉइल बदलूनही दोष जात नाही. मिसफायर आणि अपुऱ्या प्रवाहाचा संकेतांक एकत्र दिसले, तर आधी या छिद्रांकडे पाहावे.

ईसीयू प्रवाह कसा ओळखते?

ही बाब समजली की निम्मे निदान झाले असे मानण्यास हरकत नाही. बहुतेक डिझेल वाहनांत ईजीआरचा प्रवाह थेट मोजलाच जात नाही. एअर फिल्टरनंतर बसवलेला हवामापक संवेदक, म्हणजे गॅरेजमधील एअर फ्लो सेन्सर, आत येणाऱ्या ताज्या हवेचे वजन मोजतो. इंजिनाची गती, मॅनिफोल्डमधील दाब व तापमान यांवरून सिलिंडर एकूण किती वायू ओढणार हे ईसीयूला ठाऊक असते. झडप उघडली की तेवढ्या प्रमाणात ताजी हवा कमी झाली पाहिजे. ती अपेक्षेइतकी घटली नाही, तर ईसीयू झडप आणखी उघडण्याचा हुकूम देते. तरीही फरक पडला नाही, तर पी०४०१ नोंदवून दिवा लावते.

यातून दोन गोष्टी ओघाने येतात. हवामापक संवेदक खरी हवा कमी असताना जास्त दाखवत असेल, तर ईजीआरचा संपूर्ण मार्ग स्वच्छ असूनही हाच संकेतांक येऊ शकतो. त्याचप्रमाणे टर्बोपासून इंटेकपर्यंतच्या इंटरकूलरच्या रबरी नळीला चीर गेली असेल, तर संवेदकाने मोजलेली काही हवा दाबाखाली वाटेतच बाहेर निसटते. सिलिंडरमध्ये पोहोचते त्यापेक्षा अधिक हवा ईसीयूच्या हिशेबात धरली जाते आणि दोष मात्र ईजीआरच्या नावावर पडतो. नवी झडप बसवून चार दिवसांत दिवा पुन्हा पेटलेल्या गाड्यांत ही चीर अवश्य शोधावी. नळीच्या क्लिपजवळ तेलाचा ओलसर, धूळ चिकटलेला डाग ही तिची सोपी खूण आहे.

पेट्रोल वाहनांत पद्धती वेगळ्या असतात. काहींत झडप क्षणभर उघडून मॅनिफोल्डमधील दाब वाढतो का हे पाहिले जाते. काहींत वायूच्या वाटेवरील अरुंद छिद्राच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक मोजला जातो. तर काही जुन्या रचनांत नळीतील तापमान पाहिले जाते. दाबफरक मोजणाऱ्या संवेदकाच्या बारीक नळ्यांत पाणी किंवा काजळी साठली, तरी प्रवाह कमीच दिसतो.

तपासणीचा क्रम

आधी विचारपूस करावी. दिवा कधीपासून पेटतो, त्याआधी कोणते काम झाले, गाडी शेतात उंदरांच्या वावराच्या जागी उभी राहते का, या साध्या प्रश्नांनी पुष्कळदा दिशा मिळते. जुनी गाडी विकत घेतली असेल, तर ईजीआरच्या जोडावर आधीच्या मालकाने चकती घातली आहे का ते पाहावे. दोन फ्लँजच्या मधून पत्र्याचा पातळ काठ डोकावताना दिसतो. बंद केलेल्या वाटेवर झडप बदलत बसण्याचे प्रकारही घडतात.

स्कॅनरवर पी०४०१ च्या जोडीला आणखी कोणते संकेतांक आहेत, हे नंतर पाहावे. पी०४०३ हा झडपेच्या विद्युत मंडलाकडे बोट दाखवतो. पी०१०० ते पी०१०३ हे हवामापक संवेदकाशी निगडित आहेत, तर पी०२९९ टर्बोचा दाब कमी असल्याचे सांगतो. असे जोडीदार असतील तर आधी त्यांचे निराकरण करावे. पुष्कळदा पी०४०१ हा त्यांचाच परिणाम असतो. संकेतांक नोंदला गेला त्या क्षणीची गती, भार व कूलंटचे तापमान ईसीयूच्या स्मृतीत साठवलेले असते. ही माहिती लिहून घेतल्याशिवाय संकेतांक पुसू नये. घाईने पुसणे म्हणजे रोगट पानाचा नमुना तपासण्याआधीच जाळून टाकणे होय.

इंजिन पूर्ण गरम करून पुढील काम करावे. थंड इंजिनात ईसीयू ईजीआर मर्यादित ठेवते किंवा बंद ठेवते, म्हणून थंड अवस्थेतील निरीक्षण फसवे ठरते. गरम झालेले एक्झॉस्टचे भाग काही शे अंशांवर असतात, हेही ध्यानात ठेवावे.

हवामापक संवेदकाची प्राथमिक पडताळणी साध्या अंकगणिताने होते. दोन लिटरच्या चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरचे आकारमान अर्धा लिटर असते. समुद्रसपाटीजवळ, ३० अंश सेल्सिअसला एक लिटर हवेचे वजन सुमारे १.१६ ग्रॅम भरते. म्हणजे सिलिंडर काठोकाठ भरला तर सुमारे ५८० मिलिग्रॅम हवा आत जाईल. प्रत्यक्षात तो तितका भरत नाही. त्यामुळे ईजीआर बंद ठेवून आयडलिंगला स्कॅनरवर दर स्ट्रोकला साधारण ४५० ते ५२० मिलिग्रॅम, किंवा ८०० फेऱ्यांना सेकंदाला १२ ते १४ ग्रॅम, असा आकडा दिसणे अपेक्षित आहे. सहाशे मीटर उंचीच्या पठारी भागात तो पाच-सहा टक्क्यांनी कमी येईल. इंजिन अडीच लिटरचे असेल तर त्या प्रमाणात वाढवून घ्यावा. आकडा ५८० च्याही वर जात असेल, तर संवेदक चुकत आहे हे उघड आहे. कारण सिलिंडरमध्ये मावत नाही इतकी हवा टर्बोचा दाब नसताना आत जाणे शक्य नाही. आकडा फारच कमी असेल, तर फिल्टर चोंदलेला आहे, आयडलिंगला थ्रॉटलची पाकळी मिटलेली आहे किंवा संवेदक मळला आहे. वाहनाच्या दुरुस्तीपुस्तिकेतील मूल्य उपलब्ध असल्यास अर्थातच तेच प्रमाण मानावे.

त्यानंतर स्कॅनरवरून झडप उघडण्याचा हुकूम द्यावा आणि दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत : हुकूम किती आणि झडपेची प्रत्यक्ष स्थिती किती. हुकूम वाढूनही स्थिती हलत नसेल, तर दोष झडप चालवणाऱ्या यंत्रणेत आहे. स्थिती हुकुमाप्रमाणे बदलते पण हवेचा आकडा उतरत नसेल, तर झडप काम करीत आहे आणि वायूची वाट तुंबली आहे. ही विभागणी या संपूर्ण तपासणीचा कणा आहे. पुढील काम कोणत्या बाजूला न्यावयाचे ते येथे ठरते.

झडप हलत नाही तेव्हा

व्हॅक्यूमवर चालणाऱ्या झडपेत पहिला संशय रबरी नळ्यांवर घ्यावा. उन्हाने तडकलेली, सैल झालेली किंवा उंदराने कुरतडलेली नळी काही रुपयांत बदलता येते. तिच्यापायी हजारोंची झडप बदलली जाणे हे या विषयातील नेहमीचे दुखणे आहे. हातपंपाने झडपेच्या पडद्याला व्हॅक्यूम द्यावे. दांडा वर उचलला गेला आणि काटा मिनिटभर स्थिर राहिला, तर पडदा शाबूत आहे. काटा घसरला तर पडदा फाटला आहे. व्हॅक्यूम टिकूनही दांडा हलत नसेल, तर तो काजळीने जखडला आहे.

झडप हातपंपाने चालते पण गाडीच्या व्हॅक्यूमवर चालत नाही, अशा वेळी उगमाकडे जावे. डिझेल इंजिनातील व्हॅक्यूम पंपाने आयडलिंगला पाऱ्याच्या सुमारे ६०० मिलिमीटर किंवा अधिक व्हॅक्यूम द्यावे, अशी अपेक्षा असते. हाच पंप बहुधा ब्रेकच्या बूस्टरलाही पुरवठा करतो. म्हणून ईजीआरच्या तक्रारीबरोबर ब्रेकचे पेडलही कडक लागत असेल, तर तो सुरक्षेचा प्रश्न आहे; ईजीआर बाजूला ठेवून आधी पंप व मुख्य नळी पाहावी. पंप चांगला असल्यास मधल्या सोलेनॉइडकडे वळावे. त्यात व्हॅक्यूम शिरते पण हुकूम देऊनही बाहेर येत नसेल, तर सोलेनॉइड किंवा त्याचा विद्युत जोड सदोष आहे.

विद्युत झडपेत जोडाच्या पिना हिरवट झाल्या आहेत का, पाणी शिरले आहे का, हे प्रथम पाहावे. गाडी प्रेशर वॉशरने धुतल्यानंतर हा दोष उद्भवलेला अनेकदा आढळतो.

झडप हलते, पण वायू येत नाही

पेट्रोल इंजिनावर येथे एक जुनी व विश्वासार्ह चाचणी आहे. व्हॅक्यूमवरील झडप आयडलिंगला हातपंपाने उघडावी. वाट मोकळी असेल तर इंजिन लगेच अडखळते किंवा बंद पडते. काहीच फरक पडला नाही, तर वाट बुजली आहे. डिझेल इंजिनात ही चाचणी इंजिनाच्या अडखळण्यावरून करू नये, कारण ते आयडलिंगला भरपूर जळका वायू सहज पचवते. तेथे हवामापकाचा आकडा उतरतो का, हेच पाहावे.

तुंबण्याची जागा शोधण्यासाठी नळीच्या बाह्य तापमानाचे अवरक्त तापमापकाने निरीक्षण करता येते. झडप उघडी असताना एक्झॉस्टकडील टोक तापते. अडथळ्याच्या पुढचा भाग तुलनेने थंड राहतो. जोडांभोवती काळी रेघ उमटली असेल, तर तेथून वायू बाहेर गळतो आहे. लवचिक नळीला पडलेली भेग कंपनांमुळे हळूहळू वाढते आणि थंड इंजिन सुरू करताना टिकटिक असा आवाज देते.

सर्वांत जास्त काजळी तीन ठिकाणी बसते : झडपेच्या आसनावर, कूलरच्या पातळ नळ्यांत आणि इंटेक मॅनिफोल्डच्या तोंडाशी. कूलरमधील थर निराळा असतो. वायू तेथे थंड होत असल्यामुळे न जळलेले हायड्रोकार्बन नळ्यांच्या भिंतींवर गोठतात आणि काजळीला लाखेसारखे घट्ट धरून ठेवतात. इंटेकच्या तोंडाशी क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ काजळीत मिसळून डांबरासारखा चिकट लगदा होतो. झडप काढून टॉर्चच्या प्रकाशात या तिन्ही जागा पाहाव्यात. केवळ झडप पुसून गाडी परत दिली आणि कूलर तसाच राहिला, तर प्रवाह फारसा सुधारत नाही.

स्वच्छता करताना भाग गाडीवरून उतरवून घ्यावेत. गाडीवरच खरवडल्यास कडक कपची सिलिंडरमध्ये किंवा झडपांखाली जाण्याचा धोका असतो. कार्ब्युरेटर क्लीनर, मऊ ब्रश व लाकडी काडी पुरेशी होते. लोखंडी पट्टीने आसन खरवडू नये, नाही तर झडप पुढे कधीच घट्ट बसत नाही. विद्युत मोटरचा भाग द्रावणात बुडवू नये. द्रावण ज्वालाग्राही असल्याने काम मोकळ्या हवेत, गरम एक्झॉस्टपासून दूर, मुखपट्टी व हातमोजे वापरून करावे. धुतलेला काळा लगदा बांधावर किंवा ओढ्यात टाकू नये. तो वापरलेल्या ऑइलबरोबर साठवून अधिकृत संकलकाकडे द्यावा. कूलर बसवण्यापूर्वी त्याचे कूलंटचे एक तोंड बंद करून, दुसऱ्यातून हलका हवेचा दाब देऊन तो पाण्यात बुडवून पाहावा. बुडबुडे आले तर तो बदलणे अनिवार्य आहे. गळका कूलर कूलंट थेट सिलिंडरमध्ये सोडतो आणि मग नुकसान ईजीआरपुरते मर्यादित राहत नाही. गॅस्केट प्रत्येक वेळी नवीनच वापरावे. विद्युत झडप बदलली असल्यास स्कॅनरवरून तिची शून्य स्थिती ईसीयूला नव्याने शिकवावी लागते. हा टप्पा राहून गेल्यामुळे नव्या झडपा ‘खराब निघाल्याच्या’ तक्रारी होतात.

दुरुस्तीनंतर दिवा विझला एवढ्यावर समाधान मानू नये. बहुसंख्य वाहनांत दोष सलग दोन प्रवासांत आढळला तरच दिवा पेटतो. म्हणून संकेतांक पुसल्यावर एक दिवस दिवा न पेटणे हा पुरावा नव्हे. गाडी गरम करून, काही अंतर स्थिर वेगाने व काही अंतर कमी-जास्त वेगाने चालवावी; मग स्कॅनरवर ईजीआरची स्वयंचाचणी ‘पूर्ण’ झाल्याचे दिसते का आणि प्रतीक्षेतील संकेतांक रिकामे आहेत का, ते पाहावे.

चकती घालण्याविषयी

वाट बंद केली की गाडी ‘हलकी’ चालते, असे सांगितले जाते. डिझेलच्या बाबतीत चालकाला तसे वाटूही शकते. पीयूसी चाचणीतही अशी गाडी अडकत नाही. त्या चाचणीत डिझेल वाहनाच्या धुराची फक्त अपारदर्शकता मोजली जाते, नायट्रोजनची ऑक्साइडे नव्हे. आणि ईजीआर बंद केल्यावर धूर उलट थोडा कमीच दिसतो. त्यामुळे पीयूसीचा कागद हा ईजीआर ठीक असल्याचा दाखला मानता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११५ मात्र वाहन विहित उत्सर्जन मानकांचे पालन होईल अशा स्थितीत राखणे बंधनकारक करतो. भारत स्टेज-६ वाहनांत, म्हणजे १ एप्रिल २०२० पासूनच्या गाड्यांत, अशी छेडछाड ईसीयूच्या सहसा लक्षात येते, आणि काही वाहनांत ती इंजिनाची ताकदच मर्यादित करते.

शेतीच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा मुद्दा हवेत आहे. नायट्रोजनची ऑक्साइडे व बाष्पनशील सेंद्रिय संयुगे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो. ही क्रिया घडण्यास वेळ लागतो, आणि रहदारीच्या ठिकाणी ताजे नायट्रिक ऑक्साइड ओझोन खाऊन टाकते. म्हणून शहराच्या गजबजाटापेक्षा वाऱ्याच्या दिशेने पुढे असलेल्या ग्रामीण पट्ट्यात ओझोन अनेकदा जास्त आढळतो. तो पर्णरंध्रांतून पानात शिरतो, प्रकाशसंश्लेषण मंदावतो आणि पान अकाली पिकवतो. गहू व सोयाबीन ही पिके त्याला विशेष संवेदनशील आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या संशोधकांच्या सहभागाने २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, २००५ या वर्षी ओझोनमुळे देशात गव्हाचे सुमारे ३५ लाख टन व भाताचे सुमारे २१ लाख टन उत्पादन घटल्याचा अंदाज मांडला आहे. एका पिकअपच्या चकतीने हे घडत नाही, हे खरे. परंतु बाजारपेठेच्या रस्त्यावर रांगेने उभ्या असलेल्या गाड्यांपैकी कितींच्या जोडांत ती चकती आहे, हे कोणी मोजत नाही.

वापराच्या सवयी आणि ट्रॅक्टर

वाट वरचेवर तुंबत असेल तर सफाईपेक्षा कारणाकडे पाहावे. तासन्‌तास आयडलिंग हे त्यातील प्रमुख कारण होय. शिवारफेरी चालू असताना एसीसाठी इंजिन सुरू ठेवून झाडाखाली उभी असलेली जीप ही याची नेहमीची मानकरी. घर ते डेअरी अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या, चोंदलेला एअर फिल्टर, गळका इंजेक्टर, भेसळीचे डिझेल, मुदत उलटलेले ऑइल आणि टर्बोच्या सीलमधून झिरपणारे तेल ही इतर कारणे. थर्मोस्टॅट अडकून उघडा राहिल्यामुळे इंजिन कधीच पुरेसे तापत नसेल, तरीही काजळी वाढते. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास भारासह महामार्गाच्या वेगाने चालवल्यास नवा थर बसण्याचे प्रमाण घटते. जुना घट्ट थर मात्र अशाने निघत नाही.

५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरना ट्रेम स्टेज-४ मानके १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली आहेत. त्यामुळे विद्युत नियंत्रित इंधन प्रणाली व अनेक इंजिनांत ईजीआर आता शेतातही पोहोचले आहे. मळणी किंवा फवारणीच्या मधल्या वेळेत ट्रॅक्टर सुरू ठेवण्याची सवय येथे अधिक महाग पडते. कारण मळणीची धूळ फिल्टर लवकर चोंदवते आणि हवा कमी पडली की काजळी वाढते. अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांनी प्रत्येक ट्रॅक्टरच्या नोंदवहीत कामाच्या तासांबरोबर आयडलिंगचे तासही लिहावेत. काही ट्रॅक्टरांच्या फलकावर किंवा स्कॅनरवर ते वाचता येतात. सफाईनंतर काही महिन्यांतच पी०४०१ परत आला आणि इंटेकची नळी आतून तेलाने ओली निघाली, तर झडप पुन्हा उघडण्याआधी ब्रीदरची नळी व टर्बोचे सील तपासून घ्यावे.